पलीकडचा टाका

१

इस्वास ठेवून दाखव बगू. आदीच सांगती, ह्या बिल्डिंगीत कुनालाबी इचार, केरा म्हातारी कशी हाय म्हनून. खालच्या मास्तरीनबाईला म्या सांगितलं, तुमच्या टाकीत धामीन शिरलीया, तर बाईनं आंगूळच सोडली. माज्या नातवाची नवी बायकू तू, तुला अजून कळत न्हाई माजी थाप कुटं संपती आन् खरं कुटं सुरू हुतं. मलाबी कदीकदी कळत न्हाई. तवा ह्यातला एक शबूद खरा मान. मानलास तर तू येडी. न्हाई मानलास तर माजं काय जातंय?

पन बसायचं तर हात रिकामं ठिवू नगंस. ह्या बाजंचं सुंभ तुटून गेलं, नुसती चौकट ऱ्हायली, म्हनून तिच्यावरच वाकळ तानून बांदलीया. मी वरनं सुई खुपसती. तू हात खाली घाल, सुई धर आन् परत वर सोड. माजी बोटं आता वळत न्हाईत, आन् वाकळ जाड हाय, मदी जुनं घोंगडं घातलंय. टोचून घिऊ नगंस. हां, आसं. चांगलं जमतंय की. कालेजात शिकवलं व्हय?

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्येच्या फुडल्या सालची गोष्ट. तवा ह्ये तुमचं जुळे सोलापूर कुटलं, नुसतं कुसळाचं माळरान. माजं सासर भीमा नदीच्या काठाला, पलीकडं कानडी मुलूख. गावाचं नाव सांगत न्हाई, तितं अजून आपली मानसं हायत. घर नावाड्याचं. पूल न्हवता. बाजारकरी, शेरडं, नवरी, मडक्यांची रास, सगळं आमच्या हरगोलातनं पलीकडं जायचं.

हरगोल तू बगितलं नसशील. बांबूच्या कांबट्यांची भली थोरली टोपली, आत मानूस आडवा झोपंल यवडी. तिला भायेरनं म्हशीचं कातडं शिवल्यालं. कातडं वाळून तानलं की हलगीवानी वाजतं. त्येला ना फुडा, ना मागा. पान्यात घातलं की गिरकी घेत घेतच जातं, वल्हं मारनारा कितीबी हुशार आसूं दे. गिरकी न घेता गेल्यालं हरगोल म्या जल्मात एकदाच बगितलं. त्ये फुडं सांगती. सुई दे.

२

मामंजींचं नाव बिरप्पा. डावरा मानूस. वल्हं डाव्या हातानं, घास तेवडा उजव्या हातानं. डाव्या मनगटात रुप्याचं कडं. माजं लगीन हुन वरीस झालं आन् पुराच्या दिसात मामंजी पलीकडनं येताना गेलं. हरगोल आलं. पालथं न हुता घाटाला येऊन लागलं, आत त्येंचा पटका घडी घालून ठेवल्याला. अंग काय घावलं न्हाई.

सासू माजी निंगव्वा. सासूसुनंचं जमायचं म्हनलं तर हीच तुला मोटी थाप वाटंल, पन जमायचं. मी रांगत व्हती तवाच माजी आय गेली. केस कसं इंचरायचं, भाकरी कशी थापायची, समदं ह्या बाईनं शिकवलं, आन् तेबी हातावर हात ठिवून. माज्या खोड्यांवर हसनारी ती एकलीच. कानडीत पुरे झालं म्हनायचं तर ‘साकु’ म्हनत्यात. मी लई चावटपना केला की ती पदर तोंडाला लावून हसायची आन् म्हनायची, साकु, केरा.

हरगोल रिकामं असलं की आंगनात पालथं घालून ठेवायचं. त्ये माजं घर. भर दुपारी मी त्येच्याखाली शिरायची. ती जवळ जुंदळं पाखडत बसल्याली. मी आतनं ठोकायची. दोनदा, मंग थांबून एकदा. ती दचकायची, मंग वळखायची आन् भायेरनं तसंच ठोकायची.

मामंजी गेल्यावर म्या सोडलं त्ये. कुनाला हसू येनार? तर एक दिस तीच म्हनली, जा की गं, बस आत, ठोक. मी गेली. ठोकलं. लई येळ काय आवाज न्हाई. म्हनून कडंखालनं बगितलं, तर बाई कातड्याला गाल लावून, डोळं मिटून बसल्याली. ती कुनासंगं बोलत व्हती त्ये मला कळलं. पन माज्या सोंगानं तिला बरं वाटत आसंल तर वाटूं दे की. रोज जायला लागली मी.

आमच्यात आसं हाय, नदीत गेल्या मानसाचं अंग न्हाई घावलं तर वर्साच्या आत गवताचा बाहुला करायचा. त्येला त्या मानसाचं नाव द्यायचं आन् घाटावर जाळायचा. मंग बाईनं कुकू पुसायचं, काकनं फोडायची. चुलत सासरं ईश्वरप्पा सांगून सांगून थकलं. आमचं मालक म्हनायचं, करू, ह्या अमुशाला करू. आपल्या आयच्या म्होरं बाहुला कोन वळंल? आन् मलाबी ती तशीच पायजे व्हती, कपाळावर ठळक कुकू घेऊन चुलीपशी बसल्याली. वरीस गेलं, दुसरं लागलं. बाहुला काय झाला न्हाई.

३

मालकांचं नाव सिदू. ते व्हते तवर कदी तोंडातनं काडलं न्हाई, आता काडती, कोन काय करतंय? ते सोलापुरात गिरनीत व्हते. गिरनी बंद पडली आन् घरी आले. म्हनले, बाचं हरगोल दारात सडतंय, त्येच नीट करू, परत नाव सुरू करू.

सासूला मी आत्याबाई म्हनायची, मालक अव्वा म्हनायचे. आत्याबाईंनी नुसती हरगोलावरची धूळ पदरानं पुसली.

जुनं कातडं काडलं त्या दिसाचा वास अजून नाकात हाय. टाकं कापत गेलो तसं त्ये सालीवानी सुटलं, आतनं काळं, बुळबुळीत. दोन वरसं उनात पडल्यालं कातडं आतनं वलं कसं? मालक म्हनले, पालथं व्हतं, भुईची वल धरली आसंल. आसंल. खालचा सांगाडा मातर ठनठनीत. एक कांबट सुद्दीक किडली न्हवती. कांबटीकांबटीला मामंजींच्या गाटी. डाव्या हाताची गाट वळखू येती, पीळ उलटा बसतो, आन् मामंजी कातड्याच्या वादीचं शेपूट गाटीच्या खाली दडवायचं. कुनाला टोक दिसू नये म्हनून.

नवं कातडं सोलापुरच्या बाजारातनं आनलं, नदीत दगडाखाली भिजत घातलं. वलं आसतानाच चडवाय लागतं. सांगाडा पालथा घालायचा, वरनं कातडं वडायचं, आन् शिवायचं. आता ह्ये नीट ऐक. शिवायला दोन मानसं लागत्यात. एक भायेर, एक आत, पालथ्या टोपलीखाली. भायेरच्यानं आरीनं भोक पाडायचं आन् कातड्याची वादी आत सोडायची. आतल्यानं ती धरायची, कांबटीला येडा द्यायचा, गाट मारायची आन् टोक परत भायेर सोडायचं. एकामेकाचं तोंड दिसत न्हाई. नुसती वादी आत जाती, भायेर येती. तुजं-माजं चाललंय तसं.

आत मालक, भायेर मी.

खोटं कशाला बोलू, मला लई गोड वाटलं. घरात सासू, आंगनात सारं गाव, नवराबायकूनं बोलावं कुटं? कातड्याच्या आडनं मातर काय बी बोलता यायचं. मी वादी अर्दी सोडायची आन् धरून ठेवायची, ते आतनं वडायचे. मी म्हनायची, गिरनीत कुनी ठेवल्याली का? ते म्हनायचे, व्हय, तुज्यापरीस गोरी. मी आरी जरा जास्तच आत खुपसायची.

पयल्या दिशी अर्दं शिवून झालं.

४

दुसऱ्या दिशी जेवनं झाली. मी भांडी घासून आंगनात आली, तर वादीचं टोक भोकातनं भायेर आल्यालं, वाट बगत. मी म्हनलं, आज लईच घाई. बसली. वादी घेतली, आरीनं म्होरचं भोक पाडलं, आत सोडली. लगी वडली गेली. लगी भायेर आली. इतकं झरझर आमचं काल झालं न्हवतं. मी चार गोष्टी बोलली. मास्तराच्या शेरडीची सांगितली, गिरनीवालीवरनं टोमना मारला. आतनं काय न्हाई. मी म्हनलं रुसलं. रुसलं तर रुसूं दे, हात तर चालतोय.

मंग म्या नेमीचा चावटपना केला. वादी हाताला गुंडाळली आन् धरून ठेवली.

आतनं वडली.

मालक वडायचे तशी हिसका देऊन न्हाई. सावकाश. रहाटाचा दोर येतो तशी, येत ऱ्हायली. माजा हात कातड्याकडं गेला. मी हसत व्हती, आवं सोडा की, म्हनत. माजी बोटं भोकाला जाऊन भिडली. भोकाच्या आतनं गार लागलं. बाजूचं कातडं वलं, मऊ. त्ये आतनं जरा फुगलं. तळहातायवडं, मंग त्येच्याहून मोटं. गोल, एका अंगाला चपटं.

आतनं कुनी गाल लावावा तसं.

कोन आत हाय त्ये मला ठावं व्हतं की. आपला नवरा. तरीबी म्या दुसऱ्या हातानं ठोकलं, दोनदा, थांबून एकदा. उगंच. सवय. आतनं तसंच ठोकलं.

आन् नदीकडनं मालक आले. डोस्क्यावर भिजल्याल्या वाद्यांचा भारा, धोतर गुडग्यापतूर वलं. म्हनले, एकलीच काय करतीस?

म्या वादी सोडली न्हाई. सोडाय पायजे ह्येच सुचलं न्हाई. तीच हळूहळू सैल झाली, हातातनं निगाली आन् भोकातनं आत गेली. शेपूट आत घ्यावं तशी.

पयला इचार आला, आत्याबाईंनी माजी खोडी काडली. तर आत्याबाई दारात, कोपरापतूर पिठाचं हात. दोगांनी मिळून हरगोलाची कड उचलली. खाली कोन न्हाई. धूळ. जरा थेंब पडल्यालं, पन वल्या कातड्यातनं थेंब पडनारच. मी मनाशी म्हनलं, मालकांनीच केलं आसंल, मागच्या अंगानं निसटून नदीला गेलं, भिजून आलं. पन आंगनाच्या मागच्या अंगाला कुपाटी, बोरीची. तिच्यातनं मांजर निगत न्हाई.

मग मालकांनी आतल्या गाटी बगितल्या. जेवनाच्या आदीच्या त्येंच्या हाताच्या, आन् नंतरच्या. नंतरच्यांचा पीळ उलटा. शेपूट खाली दडवल्यालं.

लई येळ बगत बसले. मंग म्हनले, केरा, ह्ये तू केलंस. अव्वाला बरं वाटावं म्हनून केलंस, मला कळतंय. पन हितं थांब.

म्या शपथ घेतली. माज्या शपथंला गावात कोन इचारतंय? जन्मभर थापा मारल्यावर मानूस खरं बोलतं तवा त्येचं तोंड तसंच दिसतं.

५

आत्याबाईंनी गाटी बगितल्या त्ये आमाला कळलंच न्हाई. सांजच्याला त्या पालथ्या हरगोलात हात घालून बसल्याल्या, बोट एकेका गाटीवरनं फिरवत. आंधळं मानूस वळखीच्या तोंडावरनं फिरवतं तसं. माज्याकडं बगून म्हनल्या, त्येच्या गाटी सैल पडत न्हाईत बग.

त्या दिसापासनं बाई बदलली. न्हाली, कासाराला बोलावून हिरवी काकनं भरली. गुनगुनायला लागली. दोन वरसं न बोलल्यालं बोलायला लागली. तिला तसं बगून मला बरं वाटाय पायजे व्हतं. पन ती माज्यासंगं बोलताना हरगोलाकडं बगायची. मी हसवलं तर हसायची न्हाई, जरा थांबून हसायची. आदी दुसऱ्या कुनाचं ऐकून घ्यावं, मग माजं, तसं.

तवा मला भ्या वाटलं. भुताचं न्हवं गं. ती जाईल ह्येचं. माजी एक आय गेल्याली, दुसरी न्हवती घालवायची.

ती घाटावर गेल्याली बगून मी रापी घेतली, कातडं कापायची सुरी, आन् आत शिरून त्या सगळ्या उलट्या गाटी कापून काडल्या. वाद्या चुलीत घातल्या. मालकांनी धुराचा वास वळखला. मारलं मातर न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी कड उचलून बगतो तर सगळं शिवल्यालं. त्याच गाटी. वाद्या काळ्या, जळल्याच्या.

मालक म्हनले, परत शिवलंस त्ये बरं केलंस.

म्या कड खाली सोडली.

कातडं वाळलं. आवळलं. टाक्यांवर राळ आन् चरबी चोपडली. मालकांनी थाप मारली तर आसा आवाज निगाला की पार कडंच्या आळीतली पोरं धावत आली. नव्या कातड्याचं हरगोल पान्यात घालायचं तर घरच्या सवाष्निनं आदी त्येच्यात बसायचं आन् मदल्या धारंला नदीची वटी भरायची. ह्यो आमचा रिवाज. मी म्हनलं, मी बसती, मीच भरती. आत्याबाई म्हनल्या, घरात मोटी सवाष्न मी हाय.

ईश्वरप्पा आलेले व्हते. त्येंनी पटका काडून मांडीवर ठेवला आन् मालकांला म्हनले, सिदू, आज बाहुला कर, उद्या हरगोल पान्यात घाल. ह्या बाईला वटी घिऊन नदीत पाटवू नगंस. सवाष्न म्हनून पाटवलीस, तर तिचा दादला जिता हाय आसं तू नदीला सांगतूस.

मालकांनी आयकडं बगितलं. ती काकनं सारकी करत व्हती. ते म्हनले, काका, एक डाव बसूं दे. पलीकडं जाऊन येतो आन् मंग करतो बाहुला.

माजी नजर खाली. मलाबी तवा वाटलं, बसूं दे एक डाव. तिला रांडव म्हनायला कुनाचीच जीभ उचलली न्हाई. तिच्यावर मया करनारी मानसं आमी सगळी.

मीबी बसली हरगोलात. खन-नारळ आत्याबाईंच्या वटीत. माज्या कमरंला रापी.

सुई आडकली का? वड जरा. हां.

६

सकाळचं ऊन व्हतं. पूर वसरल्याला, पानी गढूळ पन शांत. घाटावर सगळं गाव. मालक कडंला गुडगं टेकून, आमच्याकडं पाट करून वल्हं मारत व्हते. हरगोल गिरकी घ्यायला लागलं. घाट आला, गेला. पलीकडचं बाभळबन आलं, गेलं. आत्याबाई मदी मांडी घालून बसल्या व्हत्या, नव्या लुगड्यात. मी म्होरं, पाय पोटाशी घिऊन.

मदल्या धारंला त्येंनी खन, नारळ, हळदकुकू पान्यात सोडलं. नारळ वर यायला पायजे का न्हाई? नारळ तरंगतो. म्या वाट बगितली. आला न्हाई वर. मी म्हनलं भवरा आसंल, वडला आसंल खाली.

मंग माज्या टाचंपशी गार लागलं.

खाली बगितलं. दोन कांबट्यांच्या मदी कातड्याला भोक. राळ फोडून त्येच्यातनं वादीचं टोक वर आल्यालं. काळी वादी. कोंब येतो तशी, बोटभर, मंग वीतभर. मंग थांबली. भोकातनं पानी यायला लागलं.

वाट बगत व्हती.

आता कळलं मला. आंगनात हरगोल पालथं व्हतं, तवा आतलं मानूस खाली आन् भायेरचं मानूस वर. आता हरगोल सरळ. आत आमी. भायेर खाली, पानी.

माजा हात गेला. हाताला सवय लागल्याली, टोक आलं की धरायचं. म्या हात मागं घेतला आन् भोकावर टाच दाबून धरली. टाचंखाली वादी हालली. जरा मऊ, जरा नेटानं. मी आत्याबाईंकडं बगितलं. त्या माज्या पायाकडं बगत व्हत्या. म्हनल्या, “पाय काड गं. त्येंचा हात अवगडंल.”

त्येंनीच माजा पाय बाजूला सारला. लेकराचा सारावा तसा. वादी धरली, कांबटीला येडा दिला, गाट मारली, टोक भोकात घातलं. खालनं वडली गेली. जरा फुडं राळ फुटली, टोक वर आलं. त्येंनी धरलं. पानी यायचं थांबलं. आत टाक्याला टाका लागत चालला. बाई हसत व्हत्या, तोंडाला पदर लावून, माज्या खोड्यांवर हसायच्या तशा.

मी मालकांला हाक मारली. पाट न वळवता ते म्हनले, केरा, पान्यात चावटपना नगं.

टाकं आत्याबाईंच्या मांडीपतूर आलं, तवा म्या बगितलं. लुगड्याचा काठ. वादी काठातनं वर आली, कांबटीला येडा घिऊन काठातनंच खाली गेली. एक टाका. दुसरा. म्या रापी काडली. काठ कापाय वाकली, तर त्येंनी माजं मनगट धरलं. म्हाताऱ्या बाईला यवडा जोर कुटला? माजं हाड दुकलं.

“साकु, केरा,” म्हनल्या. हसून न्हाई.

माज्या हातातनं रापी त्येंनी घेतली आन् पान्यात सोडली.

७

पलीकडचा काठ लागला. मालक उडी मारून उतरले, कड धरली, मला हाताला धरून वडली. मी म्हनलं, त्येंचं लुगडं कापा, लुगडं शिवलंय. त्येंला ती थापच वाटली. मंग वळून म्हनले, अव्वा, हात दे.

कड त्येंच्या हातातनं निगाली. हिसडा न्हाई, काय न्हाई. सावकाश, रहाटाच्या दोरावानी. मालक पान्यात शिरले, गळ्यापतूर गेले, हाका मारत.

हरगोल गिरकी घेत न्हवतं.

त्ये मदल्या धारंला गेलं, तितनं वरच्या अंगाला, पान्याच्या उलटं, सरळ, सुई जाती तसं. आत्याबाई ताठ बसल्याल्या, आमच्याकडं पाट. एक हात कडंवर. मी बगत व्हती. त्या हाताच्या शेजारी, भायेरनं, पान्यातनं दुसरा हात वर आला आन् कडंला धरला. काळवंडल्याला, फुगल्याला. डावा. मनगटात कायतरी चमाकलं.

आत्याबाईंनी आपला हात उचलला आन् त्येच्यावर ठेवला.

म्या डोळं मिटलं. उगडलं तर वळनावर नुसतं ऊन.

मागनं मनाला लई समजावलं. लाकूड आसंल, वंडका वाहत आल्याला, त्येच्या फांदीला कड आडकली आसंल. उनानं डोळं दिपत्यात. काय बी आसंल.

दोन दिसांनी हरगोल घावलं. आमच्याच घाटाला, पालथं. कातडं तानल्यालं, कोरडं. ईश्वरप्पांनी कुनाला जवळ जाऊं दिलं न्हाई. म्हनले, उलटू नगा. त्येंनी गवताचं दोन बाहुलं वळलं, एकाला एक नाव, एकाला एक, वर ठेवलं, आन् पालथ्या हरगोलालाच मालकांच्या हातनं आग लावली. मालकांनी एकदा त्येंच्याकडं बगितलं. ते म्हनले, लाव.

कातडं आगीत आवळतं. बांबूची पेरं फुटत्यात. त्येचा आवाज हुतो. सगळ्या गावानं आयकला आन् सगळ्या गावानं तसंच म्हनलं, बांबू फुटतोय.

दोनदा. थांबून एकदा.

त्येच्यानंतर मालकांनी नाव केली न्हाई. आमी हितं आलो, गिरनीच्या चाळीत ऱ्हायलो. मला शिवायचा नाद तेवडा ऱ्हायला, वाकळा केल्या, पन एकलीनं कदी शिवली न्हाई. समोर मानूस पायजे. लोकं म्हनत्यात, म्हातारीला बोलायला कोन तरी लागतं. तसं न्हाई गं. खालनं सुई कोन देतंय, त्येचं तोंड मला दिसाय पायजे.

तू का रडतीस? आता डोळं पुसू नगंस, सुई...

थांब. दोनी हातांनी पुसतीस व्हय.

दाखव हात. दोनी. कवापासनं वर हायत?

बोलू नगंस. खाली बगू नगंस. सुई आत्ताच खालनं वर आलीया, दोरा तान धरून हाय. म्या धरलाय तवर हळूच उट, दार वडून घे.

जा आता.